कलम 8 आणि 'दंड भरून सुटू' हा सल्ला
तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची भाची 22 वर्षांची, पार्लरच्या कामाचं सांगून मुंबईत आणलेली. ग्रँट रोडला रस्त्यावरून उचलली, पिटाचं (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा) कलम 8, म्हणजे रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावण्याचा गुन्हा, लागलं, जामीन झालाय, सोमवारी माझगाव कोर्टात तारीख आहे. जामिनाची धावपळ करणारा 'ओळखीचा' म्हणतोय, गुन्हा कबूल करा, 500 रुपये दंड मी भरतो, विषय संपला.

कबुली अजिबात नको.

हा ओळखीचा कोण, हे भाचीला एकटीला बाजूला घेऊन विचारा. बरेचदा तो कुंटणखान्याच्या मालकिणीचाच माणूस निघतो. दंड, वकिलाची फी, टॅक्सीभाडंसुद्धा पोरीच्या नावावर कर्ज म्हणून चढतं आणि ती परत त्याच खोलीत. शिवाय दंडावरच भागेल याची खात्री कोणी दिली? पहिल्या खेपेलाही 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कलम 10अ खाली कोर्ट त्याऐवजी 2 ते 5 वर्षं सुधारगृहात धाडू शकतं.

फसवून आणलेल्या बाईला शिक्षा नको, असं सरळ सांगणारं कलम 1956च्या या कायद्यात नाही. धाड खोलीवर पडली तर ती 'पीडित महिला', तीच पोरगी दलालाने खाली उभी केली की आरोपी! मला तरी ही लाजिरवाणी गोष्ट वाटते.

म्हणून आधी एफआयआरची प्रत घ्या आणि 7 नंबरच्या रकान्यात आरोपी म्हणून फक्त तिचंच नाव आहे का ते बघा. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मागा (हेल्पलाइन 15100), बाईला उत्पन्न न बघता फुकट मिळतो. मालकिणीचा वकील तर नकोच; एकाच केसमध्ये कुंटणखानेवाल्याचा वकील पीडितेसाठी उभा राहू शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2002 मध्ये प्रेरणा संस्थेच्या प्रकरणात बजावलंय. कोणी आणलं, काय आश्वासन दिलं होतं, मोबाइल-आधार कोणाकडे आहे, घरी फोन स्पीकरवरच करावा लागायचा का, हे सगळं वकील कोर्टात देईल त्या अर्जात येऊ द्या. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब मागा आणि आणणाऱ्यांवर भारतीय न्याय संहितेची मानवी तस्करीची कलमं 143, 144 लावायला सांगा.

'पीडित' ठरली तर सुधारगृहात डांबतील, ही मावशींची भीती खोटी नाही. पण 2020 मध्ये याच उच्च न्यायालयाने तीन सज्ञान तरुणींना असं ठेवण्याचा आदेश रद्द केला. तो निकाल वकिलाला दाखवा.

आणि वय खरंच 22 आहे ना? दलाल आधारवर वय वाढवून घेतात. गावाहून शाळेचा दाखला मागवा. 18च्या आतली निघाली तर प्रकरण बालकल्याण समितीकडे जाईल. सोमवारपर्यंत वकील नाहीच मिळाला, तर कोर्टात तिने एवढंच म्हणायचं: गुन्हा कबूल नाही, माझ्या बाजूने मोफत वकील द्या.