ब्राँटे बहिणी इंग्लिश की आयरिश?

तुमचा प्रश्न असा आहे: कॉलेजात 'जेन एअर' आणि 'वदरिंग हाइट्स' इंग्लिश लेखिकांच्या कादंबऱ्या म्हणून शिकवतात, मग ब्राँटे बहिणींना आयरिश का म्हणतात, आणि आयर्लंडमध्ये त्यांचं होतं तरी कोण?

वडिलांकडचं सगळं गणगोत होतं. शार्लट, एमिली आणि ॲन या तिघींपैकी थोरल्या शार्लटचं तर पुढे सासरही तिथलंच.

वडील पॅट्रिक यांचा जन्म १७ मार्च १७७७ चा, आयर्लंडच्या काउंटी डाउनमधला. आयर्लंडचा संत सेंट पॅट्रिक, त्याचा सण त्याच दिवशी, त्यामुळे नाव शोधायला कुणाला त्रास पडला नसणार. दहा भावंडांत थोरले, घरची गरिबी. आडनाव ब्रंटी किंवा प्रंटी, लिहिणाऱ्याच्या कानाला जसं लागेल तसं. सोळाव्या वर्षी ते शाळामास्तर झाले, मग एका पाद्र्याच्या मुलांना शिकवू लागले आणि त्या पाद्र्याच्याच आधाराने १८०२ मध्ये थेट केंब्रिजला पोचले. तिथल्या कारकुनाने ऐकलं तसं 'ब्रँटी' लिहून घेतलं. ते दुरुस्त करून घेताना पॅट्रिकरावांनी 'ब्राँटे' करून टाकलं. तीनच वर्षांपूर्वी, १७९९ मध्ये, इंग्लंडच्या नौसेनापती नेल्सनला सिसिलीतल्या ब्राँटेची सरदारकी मिळाली होती. बहुतेक तिथूनच उचललं असावं. ना राजपत्रात जाहिरात, ना प्रतिज्ञापत्र! पण माणूस घरच्यांना विसरला नाही. मृत्युपत्रात त्यांनी आयर्लंडमधल्या भावंडांना ४० पौंड सारखे वाटून द्यायला सांगितले आहेत, आणि आधीही बरेच पैसे दिल्याची नोंद त्यातच करून ठेवली आहे. थोरला भाऊ शेवटी थोरला भाऊच.

आई मारिया कॉर्नवॉलची, म्हणजे रक्ताने मुली निम्म्या आयरिश. एमिली आणि ॲन यांनी आयर्लंड कधी पाहिलंच नाही. तरीही १८३१ मध्ये शार्लट बोर्डिंगच्या शाळेत गेली तेव्हा तिच्या बोलण्यात ठसठशीत आयरिश हेल होता, अशी आठवण तिची मैत्रीण मेरी टेलर हिने लिहून ठेवली आहे. चौदा-पंधरा वर्षांची, यॉर्कशरमध्ये वाढलेली पोर! आई लहानपणीच गेलेली, घरात सतत कानावर पडायचा तो वडिलांचा आवाज. मला विचाराल तर वंशावळीपेक्षा हा पुरावा मोठा.

लिखाणात मात्र शार्लट आयरिश माणसांची टर उडवते. तिच्या 'जेन एअर'मध्ये जेनचा मालक रॉचेस्टर तिला चिडवायला म्हणतो की तुझ्यासाठी आयर्लंडच्या कॅनॉट प्रांतात नोकरी बघून ठेवली आहे, एका बाईंच्या पाच मुलींना शिकवायची. बाईंचं आडनाव ओ'गॉल, घराचं नाव बिटरनट लॉज. 'गॉल' म्हणजे पित्त, 'बिटर' म्हणजे कडू; दोन्हींत कडूपणा ठासून भरलेला. जेन बिचारी समुद्र आडवा येईल म्हणून रडते. तिच्याच 'शर्ली' कादंबरीतला मॅलोन हा आयरिश पाद्री तर पुरता हास्यास्पद. त्याच कादंबरीत शेवटी मॅकार्थी नावाचा जरा बरा आयरिश पाद्री येतो. शार्लटचे वडील पुढे पाद्री झाले होते; त्यांच्या हाताखालचा आयरिश पाद्री आर्थर बेल निकल्स, त्याच्यावरून तो बेतलेला. निकल्सने पुस्तक वाचलं तेव्हा तो खोलीत एकटाच टाळ्या पिटत, पाय आपटत इतका हसत होता की घरमालकिणीला वाटलं, याचं डोकं फिरलं.

१८५२ च्या डिसेंबरात या निकल्सने शार्लटला मागणी घातली आणि घरात वादळ झालं. वडील संतापाने लालबुंद. पदरी पैसा नसलेला आयरिश पाद्री आपल्या नावाजलेल्या मुलीला मागतोच कसा? हे कोण म्हणतंय, तर पदरी पैसा नसलेला, आयर्लंडहून आलेला पाद्री! अखेर २९ जून १८५४ ला लग्न लागलं, पण वडील ऐन वेळी चर्चमध्ये आलेच नाहीत. कन्यादान केलं ते शार्लटच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी.

मधुचंद्राला शार्लट अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा आयर्लंडला गेली. निकल्स ज्या मामांकडे वाढला ते बॅनहरचं घर चांगलं ऐसपैस, माणसं शिकलेली, वागण्यात टापटीप. तिने पत्रात लिहिलं की नवे नातेवाईक आवडले, आणि नवराही त्याच्या मुलखात वेगळाच दिसतो. नऊ महिन्यांनी, ३१ मार्च १८५५ ला, ती गेली. निकल्सने मात्र पुढे सहा वर्षं त्या सासऱ्याला सांभाळलं, आणि १८६१ मध्ये ते वारल्यावर बॅनहरला परतला.

एमिलीच्या 'वदरिंग हाइट्स'चा नायक हीथक्लिफ लहानपणी लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडतो, कुणालाच न कळणारं काहीतरी बोलतो, म्हणून तो बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळातून आलेला आयरिश पोर, असं काही समीक्षक मांडतात. ऐकायला छान वाटतं. पण दुष्काळग्रस्तांचा मोठा लोंढा लिव्हरपूलला आला १८४७ मध्ये, आणि बहिणींची हस्तलिखितं १८४६ च्या जुलैतच प्रकाशकांच्या दारी फिरत होती. मला हा धागा ओढूनताणून जुळवलेला वाटतो.

त्यापेक्षा लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत गेलात तर तिघी बहिणींचं चित्र बघा. त्यांचा भाऊ ब्रॅनवेल याने काढलेलं. मधोमध त्याने स्वतःला काढलं होतं आणि मग वरून खांब रंगवून टाकला. त्या खांबातून तो अजून पुसटसा दिसतो. निकल्स ते बॅनहरला घेऊन गेला, आणि १९१४ मध्ये त्याच्या दुसऱ्या बायकोला ते एका कपाटाच्या डोक्यावर सापडलं, चक्क घड्या घालून ठेवलेलं. त्या घड्यांच्या उभ्या-आडव्या रेघा चित्रावर अजून ठळक आहेत. मी बराच वेळ त्या बघत उभा होतो. शेजारी आमची ही म्हणाली, "निदान गुंडाळी तरी करायची होती मेल्याने."