फोनला कसं कळतं आपलं तोंड कुठे आहे?

प्रश्न: मॅपमध्ये निळ्या टिंबाला जो झोत असतो तो कधीकधी भलतीकडेच दाखवतो आणि चार पावलं उलटं चालल्यावर कळतं. जीपीएस तर चालू असतं, मग असं का? आणि फोन हवेत ८ काढल्यासारखा फिरवायला सांगतात, त्याने खरंच काही होतं की उगाच आपलं?

उत्तर: जीपीएसचा यात काही दोष नाही हो. ते फक्त तुम्ही कुठे आहात ते सांगतं, एका जागी उभे असाल तर तोंड कुठे आहे ते त्याला कळत नाही, चालायला लागलात की जागा सरकते त्यावरून दिशा काढता येते पण तीही चालण्याची, फोन कुठे वळलाय त्याची नाही.

ते काम मॅग्नेटोमीटरचं. ही एक बारकीशी चिप, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तीन अक्षांवर मोजते. आता हे क्षेत्र आहे जेमतेम २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), आणि फोनच्याच स्पीकरमध्ये चुंबक बसलेलं, म्हणजे शेजारी ढोल वाजत असताना कुजबुज ऐकायची.

८ काढणं उगाच नाही. फोन फिरवला की फोनमधलं चुंबक त्याच्यासोबतच फिरतं, पृथ्वीचं क्षेत्र मात्र जागच्या जागी राहतं. सगळ्या बाजूंनी फिरवल्यावर आलेली रीडिंग्ज बिंदू म्हणून मांडली तर ती एका गोळ्यावर बसतात, त्या गोळ्याचा मध्य शून्यापासून जेवढा सरकलेला तेवढी फोनची स्वतःची लुडबुड, ती वजा केली की झालं. पण गाडीचा पत्रा किंवा भिंतीतल्या सळया फोनबरोबर फिरत नाहीत ना, त्यामुळे तिथे कितीही ८ काढा, फायदा शून्य, चार पावलं लांब जाऊन बघा.

बाकी मदतनीस आहेतच. फोन तिरका धरलाय का ते अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून सांगतो, पटकन वळलात तर फिरणं मोजणारा जायरोस्कोप सांभाळून घेतो, पण त्याची चूक हळूहळू साठत जाते म्हणून अधूनमधून मॅग्नेटोमीटरला विचारावंच लागतं. शिवाय चुंबकीय उत्तर दिशा आणि नकाशातली खरी उत्तर दिशा एक नाहीत, हा फरक जागेप्रमाणे बदलतो, तो काढायला वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा गणिती नकाशाच म्हणा) वापरतात आणि चुंबकीय ध्रुव सरकत असल्यामुळे ते दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं.

तुमच्या कव्हरला मॅग्नेटची पट्टी असेल तर आधी ते काढून बघा, बऱ्याचदा गोची तिथेच असते.