न दिसणाऱ्या भागावर दोन लाख चाळीस हजार

कोथरूडहून एका वाचकांनी लिहिलंय. वय ३४, हिंजवडीत नोकरी, हातात पगार १,१५,०००. घराचा हप्ता ३८,०००, घरखर्च ३७,०००, एसआयपी २०,०००, मुलगी चार वर्षांची. गाडी २०२१ची पोलो, १.० टीएसआय मॅन्युअल, ५२,००० किलोमीटर झालेली, रीमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदललेली. पावसाळ्यात ताम्हिणीच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की आतलं चाक नुसतं गरगरतं आणि गाडी वळणाबाहेर ओढते. त्यावर उपाय म्हणून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवायचंय. डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरबॉक्समधला गिअरसंच; लिमिटेड स्लिपवालं एकाच चाकाला नुसतं भिरभिरू देत नाही. गॅरेजचं कोटेशन असं: इंग्लंडहून मागवलेलं हेलिकल डिफरन्शियल कस्टमसकट १,४८,०००, गिअरबॉक्स उतरवून बसवण्याची मजुरी ३८,०००, बेअरिंग, सील, शिम (फट नेमकी करणाऱ्या पातळ चकत्या) आणि ऑइल २२,०००, 'उघडतोच आहोत तर' नवा क्लच ३२,०००. एकूण २,४०,०००. पैसे ३,१०,०००च्या एफडीतून. पत्नीने विचारलेला प्रश्नही त्यांनी प्रामाणिकपणे कळवलाय: "बसवल्यावर ते दिसणार तरी आहे का?"

नाही दिसणार, वहिनी. आणि गाडी विकताना घेणाऱ्यालाही दिसणार नाही, हा मुद्दा पुढे येईलच.

आधी तुमच्या दुखण्याबद्दल. ते काल्पनिक नाही. भोसरीत माझा एक मित्र गिअरबॉक्सचीच कामं करतो. तुमचं पत्र घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याने लिफ्टवरची एक हॅचबॅक गिअरमध्ये टाकली, इंजिन बंद, आणि पुढचं डावं चाक हाताने पुढे फिरवलं. उजवं उलटं फिरलं. "हे ओपन," तो म्हणाला. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. वळणात आतलं चाक हलकं होतं, त्याला जेवढा जोर झेपतो तेवढाच बाहेरच्या भक्कम चाकालाही मिळतो आणि बाकीचं इंजिनचं बळ आतलं चाक भिरभिरवण्यात जातं. हेलिकलमध्ये तिरक्या दातांचे गिअर जोर आला की केसवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, दाबले जातात, त्या घर्षणामुळे जास्त जोर पकड असलेल्या चाकाकडे जातो. त्यात क्लचच्या प्लेटा नाहीत, म्हणून झिजायला फारसं काही नाही. रोजच्या गाडीत घालायचं तर हेच घालावं, प्लेटवालं नको. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवून निघालात की प्लेटवालं कटकट आवाज करतं, ऑइल लवकर बदलायला लावतं आणि काही वर्षांनी उघडून पुन्हा भरावं लागतं. तुमच्या गॅरेजवाल्याने इथे नीट सल्ला दिलाय.

पण मित्राने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या कोटेशनमध्ये नाहीत. आतलं चाक जमिनीवरून पूर्ण उचललं गेलं तर हेलिकलही फारसं कामाला येत नाही, कारण ते घसरणाऱ्या चाकाला झेपणाऱ्या जोराच्या काही पट जोर दुसऱ्याला देतं, आणि शून्याची कितीही पट शून्यच. आणि दोन्ही चाकं एकदम घसरत असतील तर प्रश्न टायरचा आहे. म्हणून मी तुम्हाला टायरच्या बाजूचा फोटो मागितला होता. त्यावर शेवटचे चार आकडे १३२१, म्हणजे २०२१चा तेरावा आठवडा. गाडीबरोबर आलेले मूळ टायर! रबर कडक झालंय, नक्षी किती उरली तेही फोटोत दिसतंय. अशा टायरवर, ओल्या घाटात, रीमॅप केलेल्या इंजिनाने चाक फिरलं नसतं तरच नवल. ब्रेक लावताना हेच टायर लागतात आणि तिथे डिफरन्शियल काडीची मदत करत नाही.

आता पैसे. तुमचा महिन्याचा अटळ खर्च ७५,०००. एफडी ३,१०,०००, म्हणजे चार महिन्यांचा श्वास. त्यातून २,४०,००० काढले की उरतात ७०,०००, एक महिनाही नाही. हिंजवडीत गेल्या काही वर्षांत कोणाकोणाला एचआरने अचानक मीटिंगला बोलावलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल. त्या एफडीला हात लावू नका. पर्सनल लोनचाही विचार नको: १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण ८,२०० आणि व्याजच ५५,००० च्या आसपास. एवढ्यात नवे टायर येऊन वर पैसे उरतील.

हौसेवर खर्च करू नका असं मी म्हणणार नाही. चाकणची पोलो आता बनत नाही आणि तुम्ही ती आणखी पाच वर्षं ठेवणार आहात. क्लच सोडून २,०८,००० पाच वर्षांत वाटले तर वर्षाला ४१,६००. तुमच्याच हिशेबाने वर्षातून एकदा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे आणि पावसाळ्यात दहाएक वेळा ताम्हिणी. एका दिवसाला जवळजवळ ३,८०० रुपये. त्यातही पावसाळी रविवारी सकाळी आठनंतर ताम्हिणीत कणसांच्या गाड्या आणि धबधब्याखालच्या गर्दीतून दुसरा गिअर तरी कुठे पडतो? चांदणी चौक ते हिंजवडी या रोजच्या रांगेत तर हे डिफरन्शियल आहे की नाही हेही कळणार नाही. कळलंच तर खड्ड्यावर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर स्टिअरिंग हातात थोडं जास्त ओढेल, एवढंच.

हे पैसे परत येत नाहीत. वापरलेली पोलो घेणारा 'कंपनी फिटेड आहे ना?' असं विचारतो. मूळ डिफरन्शियल जपून ठेवून विकताना परत बसवायचं म्हटलं तर मजुरी पुन्हा द्या. ऑक्टाव्हिया आरएस २४५ मध्ये इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप कारखान्यातूनच आलं होतं, तिथे ते गाडीच्या किमतीत धरलं जातं. तुमच्या गाडीत धरलं जाणार नाही.

विम्याचं एक राहिलं. रीमॅप तुम्ही विमा कंपनीला कळवलेलं नाही असं पत्रावरून वाटतं. ते आधी लेखी कळवा, प्रीमियम वाढला तरी. उद्या अपघातानंतर सर्व्हेअरने विचारण्यापेक्षा ते बरं. डिफरन्शियल बसवलंत तर तेही त्याच पत्रात.

मी तुमच्या जागी असतो तर या महिन्यात चार चांगले टायर आणि अलाइनमेंट, साधारण तीस हजार, महिन्याला उरणाऱ्या २०,००० तून दोन हप्त्यांत. मग हा पावसाळा त्याच वळणांवर काढायचा. पुढे महिना ८,०००ची आरडी: ६.५ टक्क्यांनी दोन वर्षांत सुमारे २,०५,००० होतात. तोवर तुमचा क्लच स्वतःच बोलू लागेल. चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दिला आणि आरपीएम चढला पण वेग चढला नाही, की समजा वेळ आली. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्यामुळे डिफरन्शियलच्या मजुरीतला मोठा भाग त्याच कामात निघून जातो. आत्ता चांगला क्लच ३२,००० देऊन फेकायचं कारण मला दिसत नाही.

तेव्हाही नवे टायर घालून आतलं चाक फिरतच असेल, तर खुशाल मागवा. कोटेशन घेताना क्राऊन (डिफरन्शियलच्या केसवर बसणारा मोठा गिअर) नव्या केसवर बसवायचे बोल्ट धरलेत का आणि शिमचं माप कोण घेणार, हे लिहून घ्या. टायरचं बिल आणि जुलैतल्या पहिल्या ताम्हिणीचा अनुभव मात्र मला पाठवा. वहिनींनाही एकदा शेजारी बसवून न्या. चाक फिरल्याचा आवाज त्यांना ऐकू येतो का, तेवढं विचारा.