जरा ओलं होतं

"ताई, आईच्या डायपरचं प्रायर ऑथ नाकारलं. अपील केलं तर चिडून मेडिकेडच बंद करतील का हो?"

मी इथे अमेरिकेत ज्येष्ठांच्या दवाखान्यात सोशल वर्कर आहे. अर्धा दिवस माणसांशी बोलण्यात जातो, उरलेला त्यांच्या कागदांशी. मराठी घरांतून फोन आला की पाच-सहा मिनिटांत हा प्रश्न येतोच, म्हणून त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. प्रायर ऑथ म्हणजे सामान मिळण्याआधी घ्यायची मंजुरी, आणि मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा. अपील केलं म्हणून कुणाचं मेडिकेड जात नाही. नकार लेखी द्यावा लागतो आणि त्यात कारण लिहावं लागतं. मेडिकेड एखाद्या विमा कंपनीच्या प्लॅनमार्फत मिळत असेल, तर पत्रावरच्या तारखेपासून ६० दिवसांत त्या प्लॅनकडे अपील करता येतं. तिथेही नाही म्हणाले, तर राज्याकडे फेअर हिअरिंग, म्हणजे सुनावणी, मागता येतं. मंजुरीची मुदत चालू असताना मध्येच सामान कापलं असेल, तर १० दिवसांच्या आत अपील करून 'निकाल लागेपर्यंत चालू ठेवा' असंही मागता येतं. फक्त निकाल विरुद्ध गेला तर त्या काळातला खर्च मागितला जाऊ शकतो, हे माहीत असू द्यावं.

मुलाला हे सांगितलं आणि म्हटलं, पत्र घेऊन या, आणि आईंनाही आणा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काकू ७४ वर्षांच्या. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलाकडे आल्या, इथल्या नागरिक झाल्या. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू अधू झाली. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, आहे; पण ओरिजिनल मेडिकेअर, म्हणजे सरकार थेट चालवतं ते, डायपरचे पैसे देत नाही. हे बहुतेकांना दुकानात बिल भरून झाल्यावर कळतं. मेडिकेड बहुतेक राज्यांत देतं, वैद्यकीय गरज कागदावर दाखवली तर. मुलाला त्यातही संकोच होता, "माझा पगार चांगला आहे ताई, हे घेणं बरोबर दिसतं का?" पात्रता आईच्या उत्पन्नावर आणि शिलकीवर ठरली होती, त्याच्या पगारावर नाही. तो विषय मी तिथेच मिटवला.

पत्रात नकाराचं कारण होतं: वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही. सोबत डॉक्टरांची नोंद मागवून घेतली. त्यात लिहिलं होतं, कधीकधी थोडी गळती, पॅडवर भागतं. प्रिस्क्रिप्शनवर 'डायपर, गरजेप्रमाणे'. रोज किती, कुठल्या मापाचे, किती महिने, काहीच नाही. निदानाच्या जागी आर ३२ हा कोड, म्हणजे लघवीवर ताबा नाही, कारण सांगितलेलं नाही. पक्षाघाताचा तर उल्लेखच नव्हता. तपासणाऱ्याच्या खुर्चीत मी असते तरी हे परत पाठवलं असतं.

आता डॉक्टरांनी असं का लिहिलं? मी मुलाला म्हटलं, जरा खालून कॉफी घेऊन या. तो गेल्यावर काकूंना विचारलं, "डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"सांगितलं की, जरा ओलं होतं म्हणून."

"आणि खरं किती वेळा होतं?"

काकूंनी पदर मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालायला लागल्या. एक घडी, दुसरी, मग सोडली, पुन्हा पहिल्यापासून. "त्याच्यासमोर काय सांगू? तोच तर इंग्रजीत सांगत होता त्यांना."

सगळी मेख इथे होती. मुलगाच दुभाष्या होता. आईने 'जरा' म्हटलं, त्याने 'अ लिटल' म्हटलं, डॉक्टरांनी 'कधीकधी' लिहिलं, आणि प्लॅनने त्यावर शिक्का मारला. कुणी खोटं बोललं नाही. आपल्याकडे बाई पायखान्याचं सुनेसमोर बोलत नाही, मुलासमोर तर नाहीच. मग सुती साडीचे तुकडे घड्या करून वापरायचे, ते रात्री सगळे झोपल्यावर धुवायचे आणि वाळायला टाकायचे कपाटाच्या आत, हँगरवर, ब्लाउजखाली. हे काकूंनीच सांगितलं. कपाटाला वास लागला, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं आणि तिने दुकानातून पहिलं पाकीट आणलं. सासूला काही विचारलं नाही, पाकीट बाथरूममध्ये ठेवून दिलं. मला ती सून आवडली.

इथे एक गोष्ट मराठी घरांनी पक्की लक्षात ठेवावी. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाष्या फुकट द्यावा लागतो. २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टच्या कलम १५५७ मध्ये ते आहे. घरच्याच माणसाला आणा, अशी सक्ती दवाखाना करू शकत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं, मराठी दुभाष्या हवा, बाई असेल तर बरं. फोनवरूनही चालतं, आणि खरं सांगायचं तर या विषयाला फोनच बरा, समोर चेहरा नसतो.

पुढची भेट दोन आठवड्यांनी होती. तोवर लघवीची नोंद ठेवा म्हटलं, किमान तीन दिवस: किती वेळा झाली, किती वेळा कपडे ओले झाले, रात्री किती. मी छापील तक्ता दिला. काकूंनी तो घडी करून पर्समध्ये टाकला, तेव्हाच कळलं की तो काही भरला जाणार नाही.

दोन आठवड्यांनी त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. दुधाचा हिशोब लिहायची जन्माची सवय, इथे दूधवाला नाही तरी चौकटी होत्याच. दिवसा ओलं झालं की दर वेळी एक टिंब, रात्री झालं की फुली. घरात कुणी विचारलं तर सांगायचं, जपाच्या माळा मोजतेय. तीनच्या जागी अकरा दिवस भरले होते. रोज पाच टिंबं, कधी सहा, आणि जवळजवळ प्रत्येक रात्री दोन फुल्या. चतुर्थीच्या दिवशी टिंबं कमी होती. "उपास होता, पाणीच कमी प्यायले," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, तेही डॉक्टरांना सांगा, कारण भीतीने पाणी तोडणं हे वेगळं दुखणं आहे.

त्या भेटीत फोनवर दुभाषी बाई होत्या आणि मुलगा बाहेर बसला. काकू एकदाही 'जरा' म्हणाल्या नाहीत. जांघेत चट्टे उठले होते, तेही तेव्हाच समजलं. नव्या पत्रात डॉक्टरांनी कारण लिहिलं: पक्षाघातामुळे वेळेत संडासपर्यंत पोचता येत नाही. निदान आर ३९.८१, म्हणजे हालचालींच्या अडचणीमुळे ताबा न राहणं, आणि सोबत पक्षाघाताचं. ठरावीक वेळाने लघवीला नेऊन पाहिलं, रात्री उपयोग झाला नाही, हे लिहिलं. चट्टे लिहिले. प्रकार लिहिला, रोज ७, म्हणजे महिन्याला २१०, कालावधी लिहिला. माप सुनेने टेपने घेतलं, कंबर आणि नितंब दोन्ही. मुलाच्या अंदाजाने आधी 'लार्ज' लिहिलं होतं, निघालं 'मीडियम'. मोठा डायपर मांडीशी सैल राहतो आणि तिथूनच गळतो, मग वाटतं मालच हलका.

अपीलची तारीख सोडायची नाही असं ठरवून आम्ही अपीलही टाकलं आणि त्याच दिवशी नवी विनंतीही पाठवली. कागद अपुरे म्हणून नकार आला असेल, तर नवी विनंती बहुधा लवकर निघते. २०२६ पासूनच्या केंद्राच्या नियमाप्रमाणे साध्या विनंतीचा निर्णय ७ दिवसांत द्यायचा आहे, पूर्वी १४ होते. तातडीची असेल तर ७२ तास. आमची सहाव्या दिवशी मंजूर झाली, सहा महिन्यांसाठी. २१० मागितले होते, १८० मिळाले. त्या तीसांसाठी भांडायचं का, असं मुलाने विचारलं. मी काकूंकडे बोट दाखवलं. काकू म्हणाल्या, "राहू दे, दुपारी घरात असते तेव्हा मी जाते की."

पहिल्या महिन्यानंतर खोकं आलंच नाही. चौकशी केली तर सामान पाठवणारी कंपनी दर महिन्याला फोन करून 'अजून हवंय का' विचारते, आणि घरातले अनोळखी नंबर उचलत नाहीत. नंबर सेव्ह करून घेतला. एवढ्याशा कारणाने थांबलेली खोकी मी डझनाने पाहिली आहेत. मंजुरी संपायच्या महिनाभर आधी डॉक्टरांची वेळ घ्यायची, हेही तेव्हाच कॅलेंडरवर लिहून टाकलं.

नूतनीकरणाच्या भेटीला काकूंनी फोटो आणला नाही, कालनिर्णयचं पानच फाडून आणलं. सून बाहेर मला म्हणाली, "मागे अळूवडीची रेसिपी होती हो, करायची राहिली होती."