टार्टरिक आम्लाच्या टायट्रेशनमध्ये एकच उडी येते, मग दोन पीकेए काढायचे कसे?

तुमचं टायट्रेशन (आम्लात मोजून अल्कली घालत पीएच बघणं) चुकलेलं नाही. फॉस्फोरिक आम्लाला दोन ठळक उड्या (पीएच एकदम चढतो त्या जागा) दिसल्या आणि टार्टरिकला एकच, म्हणून तुम्ही तीनदा प्रयोग केलात असं लिहिलंय. चौथ्यांदा करू नका, दुसरी उडी येणार नाही. पीकेए म्हणजे आम्ल आपला प्रोटॉन किती सहज सोडतं त्याचा आकडा, जितका लहान तितकं सहज. फॉस्फोरिकचे पहिले दोन पीकेए २.१५ आणि ७.२०, म्हणजे मध्ये पाचाचं अंतर. (तिसरा १२.३५, इतका क्षीण की पाण्यात त्याची उडी दिसतच नाही.) टार्टरिकचे आहेत ३.०४ आणि ४.३७. पहिला प्रोटॉन पुरता बाहेर पडत नाही तोवर दुसरा उंबऱ्यावर उभा.

मी नाशिकला, दिंडोरीच्या बाजूच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये आहे. द्राक्षांच्या हंगामात रोज रसाचं टायट्रेशन पीएच ८.२ पर्यंत करतो आणि जी आम्लता येते ती टार्टरिक म्हणून लिहितो. तिथे दोन्ही प्रोटॉन एकत्रच मोजले जातात, पीकेए कोणी विचारत नाही. पण तुमचा प्रश्न टी.वाय.ला माझ्याही मानगुटीवर बसला होता.

बहुतेक जण सांगतील, उडीपर्यंत लागलेल्या कॉस्टिकचं (सोडियम हायड्रॉक्साइडचं) आकारमान घ्या, त्याच्या पाव भागावरचा पीएच म्हणजे पहिला पीकेए आणि पाऊण भागावरचा म्हणजे दुसरा. २५ मिली ०.०२ मोलर आम्ल आणि ०.१ मोलर कॉस्टिक घेऊन, पुस्तकातले पीकेए धरून गणित मांडा: उडी १० मिलीला, २.५ मिलीला पीएच ३.०६ येतो, ७.५ मिलीला ४.४२. म्हणाल, जमलं की! पण हा योगायोग आहे. आम्ल स्वतःहून थोडं फुटलेलं असतं, त्यामुळे पीएच वर सरकतो. दुसरा प्रोटॉन आधीच निघू लागतो, त्यामुळे खाली सरकतो. या संहतीला दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. तेच आम्ल ०.००५ मोलर घ्या, पाव भागावर ३.२ च्या आसपास वाचाल.

म्हणून उडी शोधणं सोडा. ब्युरेटचं प्रत्येक रीडिंग हे स्वतंत्र समीकरण असतं. तीन आकडे धरा. स म्हणजे त्या क्षणी फ्लास्कमधल्या एकूण आम्लाची संहती, ह म्हणजे पीएचवरून काढलेले हायड्रोजन आयन, आणि ब म्हणजे कॉस्टिकमधून आलेल्या सोडियमची संहती अधिक ह. द्रावणात धन आणि ऋण भार सारखेच असणार, एवढ्या एका गोष्टीवरून हे निघतं:

ब × ह² ÷ (२स − ब) = के१ × [ह × (स − ब) ÷ (२स − ब)] + के१ × के२

डावी बाजू उभ्या अक्षावर, चौकटी कंसातलं आडव्या अक्षावर. सरळ रेषा येते. तिचा स्लोप के१, इंटरसेप्ट के१ गुणिले के२. के१ आणि के२ हे दोन प्रोटॉनचे विघटन स्थिरांक, त्यांचा उणे लॉग म्हणजेच पीकेए.

एक बिंदू करून दाखवतो. २.५ मिलीला एकूण आकारमान २७.५ मिली. स = ०.०१८१८, सोडियम ०.००९०९, ह = ०.०००८७१, म्हणून ब = ०.००९९६. आडवा आकडा ०.०००२७१, उभा २.८६ × १० चा उणे सातवा घात. ७.५ मिलीला आडवा आकडा ऋण येतो, घाबरू नका, ५ मिलीच्या पुढे तो ऋणच असायचा. या दोनच बिंदूंतून रेषा काढली तरी के१ ०.०००९१ येतो, म्हणजे पीकेए ३.०४, आणि दुसरा ४.३६.

स दर रीडिंगला बदलतो हे विसरू नका. मी पहिल्यांदा सगळीकडे ०.०२ च ठेवला आणि माझी रेषा केळ्यासारखी वाकली. दोन दिवस मी इलेक्ट्रोडला शिव्या घालत होतो.

रीडिंग १ ते ९ मिलीमधलीच घ्या. १० जवळ आलं की २स − ब शून्याकडे जातं आणि पीएचमधली बारीकशी चूकही फुगते. एक्सेलच्या ट्रेंडलाइनवर डोळे झाकून विसंबू नका. ती सुरुवातीच्या मोठ्या आकड्यांमागे धावते आणि इंटरसेप्ट बिघडवते. के१ सुरुवातीच्या बिंदूंतून घ्या, मग तो ठेवून ५ ते ८ मिलीच्या प्रत्येक बिंदूतून के२ काढा. कॉस्टिक ताजं हवं, उकळून गार केलेल्या पाण्यातलं. बाटली उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जातो आणि कार्बोनेट म्हणजे आणखी एक दुहेरी भानगड.

एवढं करूनही तुमचे आकडे पुस्तकापेक्षा कमी येतील. पहिला थोडासा, दुसरा साधारण दोन दशांशाने. ती चूक नाही, द्रावणातल्या आयनांचा परिणाम आहे. दुहेरी भाराच्या टार्ट्रेटला तो जास्त जाणवतो. म्हणून जर्नलमध्ये तापमान आणि आयनांची संहती लिहायची, नुसता पीकेए नाही.

पडताळा हवा असेल तर केकचं सामान मिळतं त्या दुकानातून क्रीम ऑफ टार्टर आणा. वाइन थंड केली की आमच्या टाकीच्या भिंतीला खडीसाखरेसारखं चिकटतं ते हेच, एकच प्रोटॉन काढलेलं टार्टरिक. पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत ढवळा, गाळा, २५ अंशांना पीएच बघा: ३.५६ यायला हवा, तो प्रमाणित बफरच आहे, म्हणजे पीएच मीटर तपासायचं ठरलेल्या पीएचचं द्रावण. पुस्तकातल्या दोन पीकेएंची सरासरी ३.७० येते. तुमच्या दोन उत्तरांची सरासरी ३.५६ च्या जवळ आली, तर जर्नल बिनधास्त सही करायला द्या.