घरापुढे भाजी लावताय? आधी ऊन बघा

रोपं आणायची घाई नको. अंगणात ऊन कुठे आणि किती वेळ पडतं, ते आधी दिवसभर बघा. टोमॅटो, मिरची, वांगी यांना ६ ते ८ तास थेट ऊन हवंच; पालक, कोथिंबीर ३-४ तासांतही भागवतात.

रस्त्यालगत किंवा जुन्या रंगाच्या भिंतीशी पालेभाजी मात्र नकोच. जुन्या रंगातलं, पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं मातीत वर्षानुवर्षं टिकतं, शिवाय पानांवर धूळ बसते. माती तपासून घ्या, हे मी आग्रहानं सांगेन. ते जमत नसेल तर उंच वाफा करून बाहेरची चांगली माती आणि कुजलेलं कंपोस्ट भरा. कडेला झेंडू लावा, अंगण देखणं दिसतं. पहिल्या हंगामात एकच वाफा, तोही नळाजवळ.