ताई, कुठलं तेल लावू?

पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या साफसफाईत, असे वर्षातून दोनदा लाकडाचे प्रश्न येतातच. यावेळी ढीगच आलाय, आणि गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत प्रश्न एकच, कुठलं तेल लावू. त्यातली पाच पत्रं घेतलीत.

प्रश्न (चिपळूण): आजेसासूबाईंचं जुनं सागवानी कपाट आहे. एका रीलमध्ये बघून ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस मिसळून लावला. चार दिवस आरशासारखं चमकलं, आता महिन्याभराने हात लावला की चिकट लागतं, धूळ चिकटून बसते आणि जवळ गेलं की खवट वास येतो. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी, वाईट वाटून घेऊ नका, मी हेच आईच्या ड्रेसिंग टेबलाला केलंय, तेही खोबरेलाने, आणि आई अजून पाहुण्यांना सांगते.

झालं काय, तर तेलांच्या दोन जाती असतात. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, बाटलीच्या तोंडाशी राहिलेला थेंब कसा सायीसारखा धरतो तसं, म्हणून तर चित्रकार तैलरंगात तेच वापरतात. खोबरेल, शेंगदाणा, ऑलिव्ह ही मात्र कितीही थांबा, वाळतच नाहीत. आणि तुमच्या कपाटाला पॉलिश आहे, म्हणजे तेल लाकडापर्यंत पोचलंच नाही, वरच बसलंय. "लाकडाला पोषण मिळतं" वगैरे जे सांगतात ना, झाड तोडलं त्याच दिवशी त्याचं जेवण संपलं हो!

आता काढायचं कसं. पाचसहा रिठे फोडून बिया काढून टाका, अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळून घ्या. त्या पाण्यात जुन्या बनियनचा तुकडा बुडवून अगदी कच्चून पिळा, पाणी टपकता कामा नये. वहीच्या पानाएवढा भाग पुसा, लगेच साध्या ओलसर फडक्याने, लगेच कोरड्याने, मग पुढचा. एका दिवसात सगळं निघणार नाही, दोनतीनदा करावं लागेल. रिठे नसतील तर भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब तेवढ्याच पाण्यात चालतील, पण खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा अजिबात नको.

का नको, तर जुन्या कपाटांवर बहुतेक वेळा चपड्याचं पॉलिश असतं, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने घासून घासून चढवलेली, आणि लाखेला सोडाही चालत नाही आणि स्पिरिटही. खात्री करायची असेल तर दाराच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, कापसाच्या बोळ्यावर थेंबभर स्पिरिट घेऊन टेकवा. जागा चिकट झाली, बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर लाख. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे नव्या पद्धतीचं पॉलिश, ते जरा दणकट असतं. (गॅस बंद असताना करा हे, स्पिरिट भसकन पेटतं.)

सगळं स्वच्छ आणि कोरडं झालं की वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या, बास. एक भाग मेण, चार भाग जवसाचं तेल, गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवायचं, थेट आचेवर नाही. अगदी नखाएवढं घ्यायचं, चोळायचं, पंधरा मिनिटांनी पुसून पुसून सगळं काढल्यासारखं करायचं. आणि हे नीट वाचा, जवसाचं तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, ते वाळताना आतल्या आत तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न (नागपूर): डायनिंग टेबलावर चहाच्या कपाचा पांढरा गोल उमटलाय आणि जिथे लोखंडी कढई ठेवली होती तिथे काळा डाग. व्हिनेगर आणि बेकिंग सोडा एकत्र करून घासला, फेस मस्त आला, डाग जागच्या जागी.

उत्तर: फेस मस्तच येतो, पण त्यात आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवून टाकतात आणि मागे जवळजवळ खारट पाणीच उरतं. शाळेच्या प्रयोगाला ठीक आहे ते.

पांढरा आणि काळा हे दोन वेगळे आजार आहेत. पांढरा गोल म्हणजे ओल पॉलिशमध्ये अडकलीय, खाली लाकूड ठणठणीत आहे. त्यावर थोडं खोबरेल थापून रात्रभर ठेवा (इथे चालतं, कारण सकाळी पुसून काढायचंय!). नाही गेला तर सुती पंचाची दुहेरी घडी ठेवून इस्त्री अगदी कमीवर, वाफ बंद, सातआठ सेकंद टेकवा, उचला, बघा. धीर धरा, जास्त तापलं तर पॉलिशच मऊ पडतं.

काळा डाग म्हणजे पाणी पॉलिश ओलांडून लाकडात गेलंय. लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोडी कशा काळ्या पडतात, तेच इथे झालंय, लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि कढईचं लोखंड. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी काळी शाई करायचे तीही याच गुणावर. म्हणजे तुमच्या टेबलावर शाई सांडलीय असंच समजा. उघड्या, बिनपॉलिशच्या लाकडावर लिंबाने थोडा फिका होतो, पण पॉलिशवरून कितीही घासलंत तरी फक्त पॉलिश जाईल. हे काम पॉलिशवाल्याचं, तो तेवढा भाग खरवडून ऑक्झॅलिक ॲसिड लावतो, ते विषारी आहे, स्वयंपाकघरात करायचे उद्योग नाहीत.

प्रश्न (न्यू जर्सी): पुण्याहून सागवानी देव्हारा आणला, दुसऱ्याच हिवाळ्यात मागच्या फळीला उभा तडा गेला. आतून समईची काजळी आहे आणि हळदीचे डाग साबणाने पुसायला गेले तर लाल झाले! तेल पाजू का?

उत्तर: हळद लाल झाली ते ऐकून हसले, कारण तुम्ही देव्हाऱ्यात चक्क कुंकू बनवलंत. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू करतात ते तसंच. आता साबण पूर्ण पुसून घ्या, दोन थेंब लिंबू घातलेल्या पाण्याच्या फडक्याने लाली उतरेल, मग कोरडं करा. राहिलेला पिवळा डाग खिडकीतल्या उन्हाकडे तोंड करून ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. फार दिवस नको, नाहीतर फळ्यांचाही रंग बदलतो.

काजळीला आधी पाणी लावू नका, पसरते. आधी कोरडा मऊ ब्रश, मग घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा, तेल न घालता, अलगद टेकवत टेकवत उचलायचा, काळा झाला की आतली बाजू वर घ्यायची. तुमच्याकडे पोरं खेळतात ते प्ले-डो मुळात वॉलपेपरवरची कोळशाची काजळी काढायलाच होतं, 1950च्या दशकात त्याचं खेळणं झालं. नक्षीत मात्र कणीक घालू नका, अडकून वाळते आणि झुरळांची सोय होते. उरलेला तेलकटपणा रिठ्याने.

तड्याला तेल पाजून काही होणार नाही. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि फुगतं-आकसतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. पुण्याचा पावसाळा बघितलेली फळी तुमच्या हीटिंगच्या कोरड्या हवेत आकसली, खिळ्यांनी तिला सरकू दिलं नाही, फाटली. देव्हारा हीटरच्या झरोक्यापासून लांब हलवा, खोलीतली आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. आणि तडा जानेवारीत लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका, उन्हाळ्यात फळी फुगली की तिला जागाच राहत नाही. जुलैपर्यंत थांबा, बराचसा आपोआप मिटलेला दिसेल.

प्रश्न (पुणे): आंबा लाकडाच्या टेबलाखाली रोज टाल्कम पावडरसारखा भुसा पडतो. वाळवी आहे का? हळद आणि कडुलिंबाचं तेल लावतोय.

उत्तर: वाळवी असती तर बहुधा मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. हा लाकूड पोखरणारा भुंगा, त्याची अळी आत बसून लाकडातलं पिष्ट खाते, म्हणून आंबा, रबरवूड, बांबू तिला आवडतात, आणि सागाचासुद्धा सालीजवळचा पांढरा भाग. वरून लावलेलं कडुलिंबाचं तेल तिच्यापर्यंत जातच नाही, टेबलाला नुसता वास.

आधी दिसतील त्या भोकांभोवती खडूने गोल करा, खाली पांढरा कागद पसरा, पंधरा दिवस बघा. जुना भुसाही धक्क्याने पडतो, त्यामुळे गोलाबाहेर नवीन भोक दिसलं तर कीड जिवंत समजा. मग खालची बाजू पॉलिश पेपरने घासून उघडी करा आणि गरम पाण्यात विरघळेल तेवढा टाकणखार (बोरॅक्स) घालून ब्रशने दोनदा पाजा. पॉलिशवरून लावला तर वाया. लहान मुलं आणि मांजर लांब ठेवा. आत खोल असलेल्या अळ्या लगेच मरतील असं नाही, पण पुढची पिढी आत शिरताना अडते. छोटी वस्तू असती, मसाल्याचा डबा वगैरे, तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा म्हटलं असतं.

प्रश्न (सांगली): दोन छोट्या शंका. पोळपाटाला काय लावावं, आणि वेताच्या खुर्चीची बैठक झोळीसारखी खाली गेलीय.

उत्तर: पोळपाटाला खोबरेल, आता तुम्ही म्हणाल मघाशी तर नको म्हणालात! पण तो बिनपॉलिशचा असतो, तेल आत जातं, आणि खोबरेल लवकर खवट होत नाही. पाण्यात भिजत तेवढा टाकू नका. हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड जवसाचं तेल पोळपाटाला कधीच नको, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

खुर्ची उलटी करा, वेत तुटलेला नाही ना बघा. कडकडीत पाण्यात टॉवेल पिळून बैठकीच्या खालच्या बाजूला अर्धा तास ठेवा. वरची बाजू चकचकीत सालीची, ती पाणी पीत नाही, म्हणून खालून. मग सावलीत वारा लागेल अशी ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत, रात्रभर तरी, कुणाला बसू देऊ नका, घरातल्या आजोबांना आधीच सांगून ठेवा, कारण नेमके तेच जाऊन बसतात. वाळताना वेत आकसतो, सकाळी टिचकी मारलीत तर बैठक ताणलेली लागेल.